नाट्यगृह पुन्हा उभं राहील, पण त्याचा अभ्यास कोण करणार?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेल्या या वास्तूसाठी सरकारनं २० कोटी रुपये जाहीर केले.

पण पैशांनी न सुटणारे प्रश्न उरतातच. देखभाल महापालिकेनंच करायची की स्वतंत्र मंडळानं? हौशी संस्थांना भाडं किती परवडतं? जयप्रभा स्टुडिओसारखी जागा विकली जाते तेव्हा शहराचा त्यावर काही हक्क असतो का? सांस्कृतिक धोरण म्हणतात ते हेच. महाराष्ट्राचं पहिलं धोरण २०१० मध्ये आलं, नवं २०२४ मध्ये मंजूर झालं. त्यातलं प्रत्यक्षात काय उतरलं, हे तपासायला अभ्यासक लागतात आणि त्यांना घर चालवायला पैसे.

युरोपात यासाठी २००४ पासून तरुण संशोधकांना खास पुरस्कार दिला जात होता. वयाची अट ३५, रक्कम १० हजार युरो. गंमत म्हणजे तो पूर्ण झालेल्या प्रबंधाला नव्हे, संशोधनाच्या आराखड्याला मिळायचा. म्हणजे शाबासकीआधी शिदोरी!

आपल्याकडे सगळ्यात जवळची योजना म्हणजे केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप. वय २५ ते ४०, दोन वर्षं, महिना १० हजार. पीएचडीला नाव नोंदवलेलं नसलं तरी चालतं. विषयांच्या यादीत कला-वारशाचं व्यवस्थापन आणि संस्कृतीचं अर्थकारणही आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. रक्कम मात्र तुटपुंजी. यूजीसीची जेआरएफ २०२३ पासून ३७ हजार आहे.

राज्यात 'सारथी', 'बार्टी', 'महाज्योती' फेलोशिप देतात. २०२३ मध्ये त्यांच्या जागा प्रत्येकी २०० वर आणल्या. त्याच डिसेंबरात कोल्हापूरचे सतेज पाटील यांनी विधान परिषदेत 'सारथी'च्या जागांचा मुद्दा काढला, तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवारांनी पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल केला. राज्यभर गदारोळ झाला.

हिशेबच करायचा तर ज्युनियर फेलोशिपचा एक संशोधक दोन वर्षांत २ लाख ४० हजारांना पडतो. २० कोटींत असे ८३३ बसतात. नाट्यगृह हवंच, त्यात वाद नाही. पण त्या ८३३ पैकी एकानं जरी देखभालीवर अहवाल लिहिला असता, तर तो आज पुनर्बांधणीच्या टेबलावर असता.