इमारत आपली, आराखडा कोणाचा?

इमारत साठ-सत्तर वर्षे सहज उभी राहते. तिचे आराखडे ज्या संगणकीय फाइलमध्ये असतात, ती मात्र दहा वर्षांनी उघडेलच याची खात्री नसते. बांधकाम क्षेत्रात ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, म्हणजेच ‘बिम’, रुजल्यापासून हा प्रश्न गंभीर झाला आहे. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. ‘बिम’मध्ये तीच भिंत जाडी, साहित्य, अग्निरोधकता आणि दारे-खिडक्यांसह नोंदली जाते. पुढील दुरुस्ती-देखभाल या नोंदींवरच अवलंबून असते.

ऑटोडेस्कच्या ‘रेव्हिट’ या प्रचलित सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतील फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यातच २०१६ मध्ये कंपनीने बहुतेक उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. वर्गणी भरणे थांबले, की स्वतःच काढलेल्या आराखड्यात बदल करणे अवघड. लहान वास्तुविशारदाला हे ओझे चांगलेच जाणवते.

‘बिल्डिंगस्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने विकसित केलेली ‘आयएफसी’ ही खुली फाइलरचना या कोंडीवरचा उतारा ठरू शकते. २०१३ मध्ये तिला आयएसओ १६७३९ या मानकाचा दर्जा मिळाला. ही फाइल बहुधा साध्या मजकुराची असते. प्रत्येक ओळीला क्रमांक, प्रत्येक भिंतीला-खांबाला २२ अक्षरांची स्वतंत्र ओळख. कोणतेही सॉफ्टवेअर हाताशी नसले, तरी ती निदान वाचता येते.

रेव्हिटमधूनही आयएफसी फाइल काढता येते. पण ते भाषांतरच, आणि भाषांतरात काही ना काही गळतेच. मुक्तस्रोत ‘बोन्साय’चे वेगळेपण इथेच आहे. डायन मोल्ट यांनी ‘ब्लेंडरबिम’ या नावाने सुरू केलेल्या आणि २०२४ मध्ये नामांतर झालेल्या या प्रकल्पात आयएफसी हीच मूळ फाइल असते. ‘ब्लेंडर’ या मोफत त्रिमितीय सॉफ्टवेअरला तो जोडावा लागतो. ‘फ्रीकॅड’च्या नोव्हेंबर २०२४ मधील १.० आवृत्तीतही ‘बिम’ची सोय अंतर्भूत आहे.

अर्थात, मोफत म्हणजे सोपे नव्हे. ब्लेंडर मुळात चित्रपट-अ‍ॅनिमेशनवाल्यांचे. नकाशे काढणाऱ्याचा हात त्यावर बसायला वेळ लागतो. रेव्हिटची मूळ फाइल ही साधने थेट उघडत नाहीत. त्यामुळे सगळे सल्लागार रेव्हिटवर असलेल्या प्रकल्पात एकट्याने वेगळी वाट धरणे कठीणच. घरमालकाला किंवा संस्थेला मात्र एक गोष्ट आजही करता येते : करारातच आयएफसी फाइल मागून घ्यावी आणि अंतिम देयक देण्यापूर्वी ती दुसऱ्या, मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी.