बोट कुठे ठेवायचं, तेवढं सांगा

‘‘वहिनी, राजीनामा कसा लिहितात हो? जरा मजकूर सांगता का?’’

२०२५च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविकाताई भर दुपारी दारात उभ्या. वय ५६, नोकरीला २९ वर्षं झालेली. हातात रुमालात गुंडाळलेला सरकारी मोबाईल. मला वाटलं, घरी काही झालं की काय! पण कारण तो मोबाईलच होता.

मैत्रिणींनो, अंगणवाडीत पूर्वी सगळी नोंद रजिस्टरात व्हायची. ताईंचं अक्षर मोत्यासारखं. २०२१च्या मार्चमध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला आणि हजेरी, वजन, उंची, सगळं मोबाईलमध्ये गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी मोबाईल परत केले, ते आठवतंय? तेव्हा ‘यांना शिकायलाच नको’ असं म्हणणारे खूप होते. खरं सांगते, मीही त्यातलीच. पण त्यांची तक्रार काय होती? फोन तापतो, अडकतो आणि ॲप इंग्रजीत आहे. मराठीत द्या, एवढंच तर मागत होत्या!

ताईंची माहिती इतकी वर्षं रात्री मुलगा भरून द्यायचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला. त्यात जुलै २०२५पासून आहाराची पाकिटं देताना आईच्या चेहऱ्याचा फोटो जुळवणं सक्तीचं झालं. ते काम काही रात्री घरी बसून होत नाही.

‘‘प्रशिक्षण नाही का झालं?’’ मी विचारलं.

‘‘झालं ना. हॉलभर बायका, एक पडदा. तो पोरगा भराभरा सांगत गेला. मी एकदा विचारलं, तर मागून कुणीतरी हसलं. मग नाही विचारलं.’’

राजीनाम्याचं बाजूला ठेवून आम्ही ओट्यावर बसलो. रोज दुपारी अर्धा तास. माझी लेक हुशार, पण तिची सवय वाईट. ‘‘आण इकडे,’’ म्हणत फोन हातातून घ्यायची आणि दोन सेकंदांत काम करून परत द्यायची. यातून शिकणाऱ्याला काय कळणार, कपाळ? (आपणही सुनेला पुरणपोळी अशीच शिकवतो म्हणा!) शेवटी ताईच म्हणाल्या, ‘‘बाळ, तू हात नको लावूस. बोट कुठे ठेवायचं, तेवढं सांग.’’

त्यांनी शाळेची वही आणली. एकेका पानावर मोबाईलचं चित्र, त्यावर बाण, खाली मराठीत पायऱ्या. चुकलं की परत पहिल्यापासून. वेळ लागला, तीन आठवडे लागले. पण एकदा बसलेलं पुन्हा विसरल्या नाहीत.

एक दिवस लेक त्यांच्याबरोबर अंगणवाडीत गेली. सव्वा वर्षाच्या बाळाला झोपवून लांबी मोजली, लेकीने आकडा भरला. पडद्यावर बाळ एकदम लाल रंगात, म्हणजे तीव्र कुपोषित! ताई बघूनच म्हणाल्या, ‘‘छे! हे बाळ असं नाहीच. दंड बघ त्याचा. परत मोज.’’ लांबी होती ७८, लेकीने भरली होती ८७. वजन तेवढंच आणि उंची नऊ सेंटीमीटरने वाढली, की यंत्र बाळाला रोडच ठरवणार. लेक घरी आली ती गप्पच होती.

सगळं सुरळीत झालंय असं नाही हं. अंधाऱ्या खोलीत चेहरा जुळत नाही, मग ताई त्या बाईला उंबऱ्याबाहेर उजेडात आणतात. रेंज देवळाच्या पारावरच येते. कधी दोन-दोन फेऱ्या होतात आणि मानधन काही त्यासाठी वाढत नाही. त्यावर त्या कडकडून बोलतात आणि बोलावंच.

मजकूर मी सांगितला नाही, त्यांनीही पुन्हा विचारला नाही. काल आल्या, वही काखेत.

‘‘वहिनी, लाईटबिल म्हणे मोबाईलवरून भरता येतं. नवं पान काढलंय. सांगा बघू.’’