नव्या शहरात बिऱ्हाड थाटताना

मैत्रिणींनो, बिऱ्हाड हलवायचं ठरलं की आपण काय काय बांधून घेतो! लोणच्याच्या बरण्या, कुकरची जास्तीची रिंग, देव्हाऱ्यातले देव. पण नव्या शहरात एकटीनं वावरायचं कसं, याची तयारी मात्र कुणी करीत नाही. मीही केली नव्हती.

दहा वर्षांपूर्वी यांची बदली झाली आणि आम्ही कऱ्हाडहून डोंबिवलीला आलो. ठाण्याच्या एका क्लासमध्ये मला संध्याकाळचं शिकवण्याचं काम मिळालं. एकदा रात्री परतताना लक्षात आलं, स्टेशनपासून एक माणूस मागून येतोय. मी थांबले की तोही थांबे. मी काय केलं असेल? मान खाली घालून भराभर थेट घर गाठलं. म्हणजे त्याला घर आयतंच दाखवलं! दुसऱ्या दिवसापासून स्वारी समोरच्या पानटपरीशी हजर.

पंधरा दिवस मी हे कुणाला बोलले नाही. हे ऐकून घरी शिकवणं सोडायला सांगतील, ही एक भीती. आणि खरं सांगू? लोक मलाच नावं ठेवतील, ही दुसरी. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंनीच विचारलं, "अगं, क्लासला निघताना तोंड का असं उतरलेलं असतं तुझं?" मी रडत रडत सगळं सांगितलं. त्याच संध्याकाळी काकू, त्यांचा मुलगा आणि सोसायटीचे सेक्रेटरी टपरीशी गेले, त्याला नावगाव विचारलं आणि "चल पोलिस ठाण्यात" म्हणाले. तो पुन्हा कधी दिसला नाही. यांना सांगितलं, तर म्हणाले, "शिकवणं का सोडतेस? मी स्टेशनवर घ्यायला येत जाईन." भुताला घाबरावं, तशी मी माझ्याच कल्पनेला घाबरले होते!

आता माझी भाची नोकरीसाठी पुण्याला निघाली आहे. तिला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

घर : राहायला गेल्यावर आधी कुलूप बदला. दाराला आतून कडी, साखळी आणि बाहेरचं दिसेल अशी काचेची भोकरी हवीच. गॅस किंवा मीटर तपासायला आलोय म्हणणाऱ्याचं ओळखपत्र बाहेरूनच पाहा. शंका आली तर शेजारणीला हाक मारा, तोवर साखळी काढू नका. आणि आपण एकट्या राहतो, हे भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची!

रस्ता : घर ते कचेरी हा रस्ता एकदा दिवसाउजेडी चालून पाहा. रात्री उशिरापर्यंत उघडं राहणारं औषधांचं दुकान कुठं, पोलिस चौकी कुठं, दिवे कुठं नाहीत, हे ध्यानात ठेवा. रिक्षात बसताना नंबर घरी कळवा. मुंबईच्या लोकलमध्ये डब्यावरची पाटी नीट वाचा, कारण बायकांचे काही डबे चोवीस तास राखीव असतात, तर काही ठरावीक वेळेपुरतेच. कुणी पाठलाग करतंय असं वाटलं तर माझ्यासारखं घर गाठू नका. गर्दीच्या दुकानात शिरा आणि तिथून फोन करा.

प्रसंग आलाच तर : पहिलं शस्त्र म्हणजे आवाज. 'काय हवंय? लांब व्हा!' असं खड्या आवाजात म्हणा. मनगट धरलं, तर सरळ मागं ओढू नका. समोरच्याचा अंगठा असेल त्या बाजूला हात पिळून झटका द्या. पकड तिथंच कच्ची असते. मागून मिठी मारली, तर टाचेनं पावलावर जोरात हाणा, कोपर पोटात मारा. हे सगळं झुंजण्यासाठी नाही, सुटून पळण्यासाठी. पर्स मागितली तर सरळ देऊन टाका. पर्स दुसरी घेता येते. घरी बहिणीबरोबर चार वेळा सराव करा. नुसतं वाचून पोहता येत नाही.

पोलिस आणि कायदा : ११२ हा नंबर पाठ करा. रेल्वेत १३९. बऱ्याच फोनांवर चालू-बंदचं बटण पाठोपाठ दाबलं की संकटकाळचा फोन जातो. आपल्या फोनावर ते कसं होतं, आजच पाहून ठेवा. बाईचा पाठलाग करणं हा २०१३ पासून कायद्यानं स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ७८व्या कलमात येतो आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. स्वतःला वाचवण्यासाठी आवश्यक तेवढं बळ वापरण्याचा हक्कही कायद्यानं दिलेला आहे.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, "मावशी, तू तर मला घाबरवतेयस!" मी म्हटलं, "नाही गं, घाबरून घरी बसू नयेस म्हणूनच सांगतेय."

मैत्रिणींनो, सगळं विसरलात तरी एक विसरू नका. नव्या जागी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एका तरी शेजारणीशी ओळख करून घ्या, आणि काही खटकलं तर त्याच दिवशी तिला सांगा. पंधरा दिवस थांबू नका.