विश्लेषण : विमानांच्या आवाजाचे नियोजन आकाशात की जमिनीवर?

पुण्यातील विमाननगर, टिंगरेनगर, विश्रांतवाडी, धानोरी, वाघोली या भागांत राहणाऱ्यांना विमानाची वेळ पाहण्यासाठी वेळापत्रक लागत नाही. फोनवरचे बोलणे थांबते, वर्गातले शिक्षक वाक्य अर्धे सोडतात आणि विमान गेल्यावर पुन्हा सुरुवात होते. विमानसेवा वाढावी असे शहराला वाटते. मात्र तिचा आवाज ठरावीक वस्त्यांनाच सोसावा लागतो. तो कमी करता येतो का, त्याचे नियम काय आहेत आणि पुरंदरचे नवे विमानतळ होताना काय शिकायला हवे, याविषयी…

लोहगावचा प्रश्न वेगळा का?

लोहगाव हा मुळात भारतीय हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे, तर प्रवासी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, अशी इथली विभागणी आहे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या एकाच धावपट्टीवरून सुखोई-३० लढाऊ विमानेही उडतात आणि प्रवासी विमानेही. लढाऊ विमानांच्या सरावाच्या वेळा सोडून नागरी उड्डाणे बसवावी लागतात. त्यामुळे रात्री उशिराच्या आणि पहाटेच्या वेळांवर ताण येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा तळ उभा राहिला तेव्हा आजूबाजूला शेती आणि माळरान होते. नंतर शहर त्याच्या कुंपणापर्यंत आले. लोहगावचा उर्वरित भाग २०१७ मध्ये आणि वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. १४ जुलै २०२४ रोजी नवे टर्मिनल सुरू झाले आणि प्रवासीसंख्या वर्षाला एक कोटीच्या घरात गेली. उड्डाणे आणि धावपट्टीच्या रेषेतील घरे, दोन्ही एकाच वेळी वाढत गेली.

आवाज मोजतात कसा?

डेसिबल हे एकक साध्या बेरजेने चालत नाही. सारख्याच आवाजाची दोन यंत्रे एकत्र सुरू केली तर आवाज दुप्पट डेसिबल होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबलची वाढ लागते. उघड्यावर आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे झाले, तर पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. म्हणूनच धावपट्टीच्या टोकाशी असलेले घर आणि तिथून दोन-तीन किलोमीटर बाजूला असलेले घर यांच्या अनुभवात मोठा फरक पडतो.

विमानाचा आवाज रस्त्यावरच्या वाहतुकीसारखा सलग नसतो. तो येतो, वाढतो, जातो. त्यामुळे नियमांत ठरावीक कालावधीची सरासरी ऊर्जा मोजली जाते. तिला समतुल्य ध्वनिपातळी म्हणतात. वादाची सुरुवात इथूनच होते.

नियम काय सांगतात?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी मात्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०१८ मध्ये वेगळी मानके अधिसूचित केली. वर्षाला ५० हजारांहून अधिक उड्डाणे व अवतरणे होणाऱ्या व्यग्र विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, तर इतर विद्यमान विमानतळांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६० डेसिबल. म्हणजे व्यग्र विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात येणाऱ्या घराला रात्री साध्या निवासी भागापेक्षा २० डेसिबल जास्त आवाज नियमानेच सोसावा लागू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी सुचवलेली रात्रीची पातळी आहे ४० डेसिबल.

सरासरीत काय लपते?

एक हिशेब करून पाहू. रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत दहा विमाने गेली. प्रत्येकाचा आवाज घरापाशी २० सेकंद ८५ डेसिबल होता आणि बाकी वेळ पूर्ण शांतता होती असे धरू. आठ तासांची सरासरी येते साधारण ६३ डेसिबल, म्हणजे व्यग्र विमानतळाच्या ६५ च्या मर्यादेच्या आत. कागदावर सारे नियमात, पण त्या घरातला माणूस मात्र दहा वेळा दचकून उठलेला असू शकतो.

म्हणून अनेक देशांत सरासरीबरोबरच रात्रीत किती वेळा आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला, हेही मोजले आणि जाहीर केले जाते. ‘सरासरी किती’ यापेक्षा ‘किती वेळा आणि किती वाजता’ हा रहिवाशांच्या दृष्टीने जवळचा प्रश्न आहे.

मुलांवर काय परिणाम होतो?

झोपमोड, चिडचिड, दीर्घकाळात रक्तदाब आणि हृदयविकाराचा वाढता धोका यांवर बराच अभ्यास झाला आहे. शाळकरी मुलांबाबतचे निष्कर्ष विशेष बोलके आहेत. लंडनचे हीथ्रो, ॲमस्टरडॅमचे स्किफोल आणि माद्रिदचे बाराहास या विमानतळांभोवतीच्या शाळांमधील ९ ते १० वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज वाढत गेला तसे मुलांचे वाचून समजण्याचे कौशल्य मागे पडत असल्याचे त्यात दिसले.

जर्मनीतील म्युनिकचे उदाहरण आपल्यासाठी आणखी महत्त्वाचे. १९९२ मध्ये तिथले जुने विमानतळ बंद झाले आणि शहराबाहेर नवे सुरू झाले. संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली होती. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची दीर्घकालीन स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांमध्ये तीच कौशल्ये खालावली. विमानतळ हलले आणि त्याचा त्रासही सोबत हलला.

उपाय कोणते?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयकाओ) २००१ मध्ये ‘संतुलित दृष्टिकोन’ स्वीकारला. त्यात चार मार्ग आहेत : विमानेच कमी आवाजाची करणे, विमानतळाभोवतीच्या जमिनीच्या वापराचे नियोजन, उड्डाणाच्या पद्धतीत बदल आणि शेवटी उड्डाणांवर निर्बंध.

पहिल्या मार्गावर खरी प्रगती झाली आहे. एअरबस ए-३२० निओसारख्या नव्या विमानांच्या इंजिनांचा पंखा मोठा असतो आणि इंजिनाच्या गाभ्याबाहेरून जाणारी हवा बरीच जास्त असते. त्यामुळे मागे फेकलेल्या हवेचा वेग आणि गोंगाट कमी होतो. मात्र प्रत्येक विमान ३ डेसिबलने शांत झाले आणि विमानांची संख्या दुप्पट झाली, तर सरासरी जिथल्या तिथे राहते. झोपमोड करणाऱ्या फेऱ्या मात्र दुप्पट होतात.

वैमानिक आवाज कमी करू शकतो का?

काही प्रमाणात, हो. उतरताना टप्प्याटप्प्याने खाली येऊन मध्येच इंजिनाचा जोर वाढवण्याऐवजी सलग उतार धरला, तर आवाज आणि इंधन दोन्ही वाचतात. धावपट्टीला टेकल्यावर वेग कमी करण्यासाठी वापरला जाणारा उलटा जोर रात्री शक्य तितका कमी ठेवता येतो.

उड्डाणानंतर चढण्याच्याही दोन प्रमाणित पद्धती आहेत. एकीत धावपट्टीजवळच्या वस्तीला दिलासा मिळतो, तर दुसरीत दूरच्या वस्तीला. म्हणजे विमानाचा आवाज अनेकदा संपत नाही, त्याची वाटणी बदलते. कोणाच्या वाट्याला किती यायचा, हा निर्णय नकाशे आणि आकडे समोर ठेवून, लोकांशी बोलून घ्यावा लागतो.

लोहगावात धावपट्टी एकच असल्याने हा वाव आणखी कमी आहे. विमाने वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात आणि उतरतात. पावसाळ्यातील पश्चिमी वाऱ्यांत विमाने बहुधा वाघोलीच्या बाजूने उतरतात आणि विश्रांतवाडी-कळसच्या दिशेने उडतात. दिशा उलटली की त्रासाचे गावही बदलते.

रात्रीची बंदी शक्य आहे का?

जर्मनीतील फ्रँकफर्टमध्ये रात्री ११ ते पहाटे ५, तर ऑस्ट्रेलियातील सिडनीत रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत उड्डाणांवर कडक निर्बंध आहेत. पुण्यातही ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री ८ ते सकाळी ८ नागरी उड्डाणे बंद होती. मात्र ती धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी, आवाजामुळे नव्हे. सरसकट बंदी आणली तर दिवसाच्या मर्यादित वेळांवरचा भार आणि तिकिटांचे दर वाढण्याची शक्यता असते. म्हणूनच आयकाओ हा उपाय सर्वांत शेवटी ठेवते. मध्यममार्ग म्हणजे रात्री फक्त कमी आवाजाच्या विमानांना परवानगी, किंवा रात्रीच्या उड्डाणांचा एकूण कोटा.

लढाऊ विमानांचे काय?

प्रवासी विमानांच्या आवाजाचे आंतरराष्ट्रीय निकष लष्करी विमानांना लागू होत नाहीत. सुखोईचा जोर ही तिची गरज आहे आणि सराव टाळता येण्यासारखा नाही. तिथे उपाय उरतो तो वेळेचा आणि संवादाचा : परीक्षांच्या काळात शक्य तिथे वेळा सांभाळणे आणि रात्रीच्या सरावाची सुरक्षेला बाधा न येईल इतपत पूर्वसूचना देणे. देशाच्या सुरक्षेसाठी थोडा त्रास सोसायला लोक तयार असतात. आपल्याला कोणी विचारतच नाही, याचा त्यांना राग येतो.

मग खरा निर्णय कुठे होतो?

जमिनीवर, बांधकाम परवानगीच्या टेबलावर. विमानतळाजवळ इमारत बांधायला उंचीचा ना-हरकत दाखला लागतो. पण तो विमानाच्या सुरक्षेसाठी असतो, रहिवाशांच्या कानांसाठी नव्हे. इमारत विमानाच्या वाटेत येत नाही, एवढेच तो सांगतो. त्या इमारतीत राहणाऱ्याला झोप लागेल का, हे त्यातून कळत नाही.

यावर उपाय म्हणजे ध्वनिनकाशा. समान आवाजाच्या रेषा काढलेला हा नकाशा विकास आराखड्यात आला, तर सर्वाधिक आवाजाच्या पट्ट्यात गोदामे, वाहनतळ, कार्यालये आणि बाहेरच्या पट्ट्यात घरे, शाळा, रुग्णालये असे ठरवता येते. जिथे घरे आधीच आहेत तिथे दुहेरी काचा आणि शाळांचे ध्वनिरोधन करता येते. मात्र आपल्या हवेत खिडक्या बंद ठेवायच्या तर वायुवीजनाचा आणि वाढत्या वीजबिलाचा विचारही त्यात हवा.

धावपट्टीवर धावणाऱ्या विमानाचा जमिनीलगतचा आवाज अडवण्याचा एक उपाय नेदरलँड्समध्ये शेतीतून सुचला. शेते नांगरली की आवाज कमी होतो, हे स्किफोलजवळच्या रहिवाशांच्या लक्षात आले. त्यावरून तिथे २०१३ मध्ये मातीच्या उंच वरंब्यांचे उद्यान उभे राहिले. विमान हवेत गेल्यावर मात्र अशा वरंब्यांचा उपयोग होत नाही.

पुरंदरसाठी धडा काय?

पुरंदर तालुक्यातील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी आणि वनपुरी या सात गावांच्या परिसरात नवे विमानतळ प्रस्तावित आहे. भूसंपादनाला तिथे विरोध झाला. आतापर्यंतची चर्चा प्रामुख्याने ज्यांची जमीन जाणार त्यांच्याभोवती आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. पण ज्यांची जमीन जाणार नाही, जे कुंपणाला लागून राहतील, त्यांच्या वाट्याला मोबदला नाही, फक्त आवाज येणार आहे. त्यांचा हिशेब आजच मांडायला हवा.

लोहगावात शहर आधी आले आणि आवाजाचा विचार नंतर. पुरंदरमध्ये हा क्रम उलटा करता येईल. धावपट्टीची दिशा ठरतानाच वीस-तीस वर्षांनंतरच्या उड्डाणांचा ध्वनिनकाशा काढणे, तो मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावणे आणि त्या पट्ट्यात निवासी बांधकामाला परवानगी न देणे, याला आज फारसा खर्च नाही. हजारो सदनिका उभ्या राहिल्यावर तो खर्च कोणालाच झेपणार नाही. शिवाय पुरंदर झाले तरी लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहेच. तिथला प्रश्न सौम्य होईल, संपणार नाही.

घर घेताना काय पाहावे?

मोबाइलवरील नकाशात धावपट्टीची रेषा दोन्ही टोकांना पुढे वाढवून पाहावी. घर त्या रेषेवर किंवा जवळ असेल, तर एकदा पहाटे, एकदा रात्री उशिरा आणि एकदा सरावाच्या दिवशी, म्हणजे कामकाजाच्या वारी, तिथे तासभर थांबावे. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर प्रवासी विमाने दिसतात, सरावातील लढाऊ विमाने सहसा दिसत नाहीत. वाऱ्याची दिशा ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून एका भेटीवर निर्णय घेऊ नये.

आधीपासून राहणाऱ्यांनी तक्रार करताना ‘फार आवाज होतो’ एवढेच लिहू नये. तारीख, वेळ, विमान कोणत्या दिशेने गेले आणि त्या रात्री असे किती वेळा झाले, याची महिनाभराची नोंद सोसायटीने मिळून ठेवावी. फोनवरच्या डेसिबल ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही. वेळेची नोंद मात्र उड्डाणांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहता येते.