यूस्टनला ट्रेन उजवीकडून का धावते?

लंडनमध्ये शिकणाऱ्या एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आलाय. ती म्हणते, "इथे सगळ्या ट्रेन डावीकडून धावतात, आपल्या लोकलसारख्याच. मग यूस्टनला व्हिक्टोरिया लाइन उजवीकडून कशी?"

मला आधी वाटलं, जमिनीखाली काहीतरी अडचण आली असेल. पण नाही, हे मुद्दाम केलंय.

जरा कागदावर काढून बघा. यूस्टनला दोन लाइन एकमेकींना समांतर आहेत, पूर्व-पश्चिम. जुनी नॉर्दर्न लाइनची बँक शाखा आणि 1968 मध्ये आलेली व्हिक्टोरिया. गंमत म्हणजे नॉर्दर्नची 'उत्तरेकडची' गाडी इथे जाते पश्चिमेला, कॅमडेनकडे. आणि व्हिक्टोरियाची 'उत्तरेकडची' जाते पूर्वेला, किंग्ज क्रॉसकडे. पाट्या सारख्या, तोंडं विरुद्ध!

आता कॅमडेनहून येणारा माणूस घ्या. त्याला जायचंय ऑक्सफर्ड सर्कसला. नॉर्दर्नने यूस्टनला उतरायचं, व्हिक्टोरियाची दक्षिणेकडची गाडी पकडायची. दोन्ही लाइन नेहमीसारख्या डावीकडून धावल्या असत्या, तर त्याच्या समोरच्या बाजूला आली असती व्हिक्टोरियाची उत्तरेकडची गाडी. म्हणजे किंग्ज क्रॉसची. अहो, तिथे तर तो ज्या गाडीतून उतरला तीच चाललीये! काय उपयोग? हवी ती गाडी गाठायला मग पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जायचं, हातात बॅगा घेऊन.

म्हणून इंजिनिअरांनी व्हिक्टोरियाचे दोन बोगदेच एकावरून एक नेऊन त्यांची अदलाबदल केली. वॉरन स्ट्रीटच्या पुढे ही अदलाबदल होते आणि किंग्ज क्रॉसपर्यंत गाड्या उजवीकडूनच जातात. नॉर्दर्नची उत्तरेकडची गाडीसुद्धा नव्या प्लॅटफॉर्मवर हलवली. एवढा खटाटोप कशासाठी? तर प्रवाशाने चार पावलं टाकावीत आणि समोरच्या गाडीत बसावं. मला तरी हे फार आवडलं. कष्ट एकदाच, तेही बांधणाऱ्यांनी घेतले. नाहीतर गर्दीत रोज आपणच जिने चढत बसलो असतो.

जमिनीखाली हे त्यामानाने सोपं जातं, कारण बोगदे वेगवेगळ्या खोलीवर नेता येतात. वर उघड्यावर उड्डाणपूल लागतो, नाहीतर एका गाडीला दुसरीसाठी थांबवावं लागतं.

सगळीकडे मात्र एवढा विचार नसतो हां. सेंट्रल लाइनवर व्हाइट सिटीलाही गाड्या उजवीकडून धावतात, पण तिथलं कारण वेगळं. 1908 मध्ये तिथे वुड लेन हे शेवटचं स्टेशन होतं आणि गाड्या एका गोल वळणावरून, घड्याळाच्या उलट दिशेने फिरून परत जायच्या. 1920 मध्ये लाइन ईलिंगपर्यंत वाढवली, तेव्हा रूळ त्याच वळणाला जोडले. बाजू उलटी झाली ती झालीच. पुढे ईस्ट अ‍ॅक्टनच्या आधी उड्डाणपुलावरून रूळ परत जागेवर येतात.

आणि हो, मैत्रिणीसाठी: यूस्टनहून किंग्ज क्रॉसला जायचं असेल तर व्हिक्टोरियाची उत्तरेकडची गाडी चालेल, नॉर्दर्नच्या बँक शाखेची दक्षिणेकडची पण चालेल. जी आधी येईल तिच्यात चढ.