पंचगंगेकाठी उतरलेला समुद्र

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या शासकीय वस्तुसंग्रहालयात कांस्याची एक मूर्ती आहे. उंची वीतभरसुद्धा नाही, जेमतेम तेरा सेंटिमीटर. अंगावर वस्त्र नाही, चेहऱ्यावर दाढी, छातीचे आणि पोटाचे स्नायू जिवंत माणसाचे असावेत तसे उतरलेले. आपल्याकडच्या देवमूर्तीचं अंग असं घडवत नाहीत. आपला मूर्तिकार देवाच्या देहात श्वास भरतो, स्नायू मोजत नाही. या मूर्तीचा एक हात वर उचललेला आहे, काहीतरी उभं धरल्यासारखा. त्या हातात त्रिशूळ होता. तो कधीचाच हरवला, पण हाताची ठेवण राहिली आणि तिच्यावरूनही ओळख पटायला मदत झाली.

हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. सिकंदराच्या पदरी असलेल्या लिसिपोस या शिल्पकारानं घडवलेल्या पोसायडनच्या धाटणीवर पुढे रोमन काळात लहान-मोठ्या प्रतिकृती होत राहिल्या. त्यांतलीच ही एक, आणि ती सापडली पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर. कोल्हापूरपासून रत्नागिरीचा किनारा रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, मध्ये सगळा सह्याद्री. समुद्राच्या देवाचं इथं काय काम, हा प्रश्न मला ही मूर्ती पाहिली की प्रत्येक वेळी नव्यानं पडतो.

ब्रह्मपुरी म्हणजे मूळ कोल्हापूर. आज तिथं दाट वस्ती आहे आणि खालून नदी वाहते. १९४४ च्या सुमारास राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांना तिथं धातूच्या वस्तूंचा एक संच मिळाला. कुंदणगार हे शिलालेखांचे जाणकार. कोल्हापूर संस्थानातले कोरीव लेख गोळा करून त्यांनी त्यांचं पुस्तकही काढलं होतं. या संचात पोसायडन होता, रोमन घडणीची सुरई होती, आरसा होता. आणि त्यांच्याच सोबत अस्सल देशी बनावटीचे जिन्नसही होते. पाठीवर दाटीवाटीनं स्वार बसलेला तो चिमुकला कांस्याचा हत्ती तर पाहून डोळे निवतात. सुरईची घडण इटलीतल्या कांपानिया प्रांतातल्या सुरयांशी जुळते. व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं पॉम्पेई याच प्रांतातलं.

पुढच्याच वर्षी, १९४५-४६ मध्ये, डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीवर शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. एकेक थर उलगडत ते खाली गेले. वर मराठा काळ, त्याखाली बहामनी काळातल्या रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे, आणि तळाशी सातवाहन काळातली विटांची घरं, मणी, नाणी, मातीची भांडी. दीक्षितांना काचेचा आणि मण्यांचा असा नाद लागला की पुढे भारतीय काचेचा इतिहासच त्यांनी लिहिला. या वस्तूंसाठी कोल्हापुरात संग्रहालय उभं राहिलं आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आलं.

पोसायडन इथवर कसा आला असेल? वाटेचा पहिला टप्पा बऱ्यापैकी माहीत आहे. इजिप्तमधल्या नाईल नदीवरून माल कॉप्टोसपर्यंत यायचा, तिथून उंटांवर लादून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके किंवा म्योस होर्मोस या बंदरांत. जहाजं जुलैच्या सुमारास निघत, कारण अरबी समुद्रावरचा नैर्ऋत्य मोसमी वारा त्यांना थेट आपल्या किनाऱ्याकडे ढकलत असे. आपल्याकडे पेरणी उरकून शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेच वारे त्या शिडांत भरलेले असत. परतीला हिवाळ्यातला ईशान्येचा वारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात कल्याण आणि चौल ही बंदरं आहेत. आणि घाटावरची पैठण अन् तेर ही गावंही आहेत. म्हणजे किनाऱ्यावर उतरलेला माल घाट चढायचा, आणि घाटावरचा खाली यायचा.

शेवटचा टप्पा मात्र कल्पनेचा. कुणा व्यापाऱ्यानं आपल्या प्रवासाचा राखणदार म्हणून हा देव जवळ ठेवला असेल का? की कोल्हापुरातल्या एखाद्या धनिकानं परदेशी नवलाई म्हणून विकत घेतला असेल? देशी आणि परदेशी कांस्यवस्तू एकाच ठिकाणी मिळाल्या, त्यामुळे धातूचा व्यवहार करणाऱ्या कुणाचा तो साठा असावा, असाही तर्क करता येतो. तसं असेल, तर या समुद्रदेवाची पुढची गत मुशीत वितळायची होती आणि तो थोडक्यात वाचला. मला स्वतःला हा शेवटचा तर्क सर्वांत जास्त हलवून जातो.

ब्रह्मपुरीनं पोसायडनच्या कितीतरी आधी दुसरं एक दान दिलं होतं. १८७७ मध्ये तिथं जुन्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी बहुतांश शिशाची, जाड, हातात घेतली तर जडपणा जाणवावा अशी. एका बाजूला धनुष्याला लावलेला बाण, भोवती ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला कमानी एकावर एक रचल्यासारखा डोंगर आणि त्याच्यालगत झाड. लेखातून तीन राजे कळतात: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. तिघांच्याही नावाआधी आईचं गोत्रनाम आहे, बापाचा उल्लेख नाही. सातवाहनांच्या घरातही हीच रीत.

या राजांची एकही बखर नाही, वंशावळ नाही. मग कोण आधी आणि कोण नंतर, हे कसं ठरवायचं? इथं नाण्यांनीच साक्ष दिली. नवा राजा आला की काही वेळा जुनीच नाणी घेऊन त्यांच्यावर आपला ठसा मारायचा. ठसा जरासा सरकला तर खालची जुनी अक्षरं कडेनं डोकावत राहतात. शिवलकुराच्या ठशाखाली वासिष्ठीपुत्राची अक्षरं दिसतात, आणि गौतमीपुत्रानं या दोघांच्याही नाण्यांवर स्वतःचा ठसा मारलेला आहे. एवढ्यावरून तीन राजांचा क्रम लागला. टाकसाळीतल्या कुणा कारागिराचा हात किंचित हलला, म्हणून आज आपल्याला एका घराण्याचा क्रम माहीत आहे.

आणि याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं जगाचा भूगोल लिहिला. त्यानं भारत पाहिला नव्हता; खलाशांकडून आणि व्यापाऱ्यांकडून मिळेल ते तो टिपत होता. त्यानं पैठणच्या राजाचं नाव दिलं, उज्जैनच्या राजाचं दिलं, आणि ‘हिप्पोकुरा’ नावाच्या राजधानीत ‘बालेओकुरोस’ राज्य करतो असंही नोंदवलं. हा बालेओकुरोस म्हणजे आपल्या नाण्यांवरचा विळिवायकुर, असं अभ्यासक मानतात. हिप्पोकुरा नेमकं कुठलं, यावर वाद आहे. पण ज्याचं शिशाचं नाणं पंचगंगेकाठी खपत होतं, त्याचं नाव भूमध्य समुद्राच्या काठी बसलेल्या माणसाच्या कानावर गेलं होतं. नाव जातं तिथं माणसंही गेलेली असतात.

वाट दुतर्फा होती. १९३८ मध्ये पॉम्पेईत एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, इ. स. ७९ मधल्या राखेखाली जपलेली. पुढे जालना जिल्ह्यात भोकरदनला उत्खनन झालं तेव्हा तशाच धाटणीचं हस्तिदंती काम मिळालं. म्हणजे त्यांचा देव आपल्याकडे राहिला, आपल्या मातीतली बाई त्यांच्याकडे राहिली, आणि दोघांनाही जपलं ते त्यांच्यावर पडलेल्या मातीनं आणि राखेनं.

आता हे सगळं ज्या इमारतीत ठेवलं आहे तिच्याकडे वळू. टोकदार कमानींचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला. वास्तुरचनाकार मेजर चार्ल्स मँट. नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्याचा आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही मूळ त्याचाच. याच मँटनं त्या सुमारास आणखी एक छोटं काम केलं, आणि ते कोल्हापूरपासून फार दूर आहे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले. समुद्र ओलांडणं धर्मबाह्य मानायचे दिवस होते ते. राजांचं वय विशीचं. इंग्लंडमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, जे पाहिलं ते रोजनिशीत लिहिलं. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. पाच नद्यांच्या गावचा हा राजा. त्याला अग्नी दिला गेला तो अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, परक्या देशात, तिथल्या लोकांनी कधी न पाहिलेल्या विधीनं. १८७४ मध्ये त्या जागी स्मारक झालं. फुलर या शिल्पकारानं अर्धपुतळा केला, फेटा आणि दागिने रंगवलेला. त्यावरची छत्री मँटच्या आराखड्याची. फ्लॉरेन्सची माणसं आजही त्या जागेला ‘इंडियानो’ म्हणतात आणि जवळच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलं. राजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये छापून प्रसिद्ध केली. तरुण, उत्सुक, सगळं नीट पाहणारा मुलगा तिच्यात भेटतो, आणि शेवटाकडे येताना ती वाचवत नाही.

बत्तीस वर्षांनी त्याच गादीवरचे शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी समुद्र ओलांडून गेले. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये त्यांचा हुकूम छापून आला: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी कागद आहेत, मोडीतले रुमालच्या रुमाल. राज्य कसं चालायचं हे त्यांच्यातून उमगतं, आणि गॅझेटचा तो हुकूम या सगळ्या कागदांतला मेरुमणी. या हुकुमातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं कलम. हुकूम लागू झाल्यावर झालेल्या नेमणुकांचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला सादर करायचं आहे. हुकूम काढून थांबायचं नाही, तो पाळला जातो की नाही हे कागदावर दिसलं पाहिजे, ही दृष्टी त्यात आहे.

समुद्र ओलांडण्याची आणखी एक खूण नव्या राजवाड्यात आहे. तिथल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात गेलात तर शिकारीच्या जुन्या छायाचित्रांपुढे थोडं थांबा. कोल्हापूर दरबार चित्त्यांसाठी प्रसिद्ध होता. चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची, त्याला बैलगाडीवर बसवायचं आणि गाडी काळविटांच्या कळपाकडे न्यायची. काळवीट बैलगाडीला बिचकत नाही, ती त्याच्या रोजच्या पाहण्यातली. अंतर कमी झालं की चित्तेवान टोपी काढणार. छायाचित्रात तो चित्ता इतका शांत दिसतो की सुटल्यावर काही क्षणांत हे जनावर काय करणार आहे, याचा अंदाजच येत नाही.

पण या चित्रांत एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. चित्ता माणसाळतो, मात्र त्या काळी दरबारांच्या बंदिवासात तो सहसा विणत नसे. जहांगीरानं आपल्या आठवणींत एकदाच असं घडल्याचं नवलानं लिहून ठेवलं आहे. त्यामुळे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला असायचा. रानं आटली, चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. त्या काळच्या छायाचित्रांतली काही जनावरं अशी अरबी समुद्र ओलांडून, पोसायडनच्याच पाण्यावरून आलेली आहेत. १९५२ मध्ये भारतातला चित्ता संपल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये नामिबियातून कुनोला आणलेले चित्ते पुन्हा समुद्रापलीकडूनच आले, या वेळी विमानानं.

पुन्हा ब्रह्मपुरीकडे येऊ. तिचा थोडाच भाग आजवर शास्त्रशुद्ध खणला गेला आहे. बाकीच्यावर घरं आहेत, आणि घरांचे पाये, चर, नळाचे खड्डे रोज कुठं ना कुठं खणले जातातच. १८७७ चा नाण्यांचा साठा निघाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७८ मध्ये, देशात भूमिगत निधीचा कायदा झाला आणि तो आजही लागू आहे: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवलंच पाहिजे. गल्लीत खणताना काळपट, जड चकती हाती आली तर ती घासू नका, चिंचेनं धुऊ नका. घासलेल्या शिशावरची अक्षरं जातात ती कायमची. ती कुठल्या खोलीवर आणि कसल्या मातीत होती ते टिपून ठेवा, आणि टाऊन हॉलमध्ये जाऊन सांगा. भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर हॉस्पिटलच्या जवळ, कुणालाही विचारलंत तरी रस्ता दाखवतील.