निष्ठा की निरुपाय?

उज्जैनच्या देवास गेटला बसस्थानक आणि रेल्वेस्थानक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ खुले झाले, भाविकांचा ओघ वाढला आणि पाठीवर चौकोनी पिशवी, हाती मोबाइल घेतलेले तरुणही येथे नजरेत भरू लागले. त्यांपैकी काही माझ्या दवाखान्यात येतात. कंबरदुखी, आम्लपित्त, आणि लघुशंकेची सोय नाही म्हणून पाणी टाळल्याने होणारी जळजळ!

आपल्याच मराठी घरातला एक मुलगा अभिमानाने म्हणाला, “काका, डोक्यावर साहेब नाही. वाटेल तेव्हा ॲप सुरू करायचे.” पुढे पावसात गाडी घसरून त्याचे मनगट मोडले. मी सहा आठवडे विश्रांती सांगितली. तेव्हा तो हळूच म्हणाला, “मग गाडीचा हप्ता?” साहेब नव्हता खरा, पण रजाही नव्हती.

मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९१ साली कर्मचाऱ्याच्या बांधिलकीचे तीन धागे सांगितले: आपुलकी, सोडण्यातले नुकसान आणि कर्तव्यभावना. या मुलाच्या बोलण्यात पहिला धागा होता, हे नाकारता येत नाही. वेळेची मोकळीक आणि झटपट मिळणारे पैसे यांचे मोल त्याला खरोखर वाटते. परंतु मनगट मोडताच उरला तो दुसराच धागा. गुणांकन, साप्ताहिक बक्षिसाचे टप्पे, कर्ज... ही बांधिलकी म्हणावी की अडकणूक?

मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची. तेथेही ऊन, पाऊस, घाई आहेच. पण गटातील माणसे परस्परांना ओळखतात आणि संघटना त्यांची स्वतःची आहे. तेथील निष्ठेचे मूळ मला यातच दिसते. ॲपवरचा माणूस मात्र तक्रार कोणाकडे करावी हेच शोधत राहतो.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याने अशा कामगाराला प्रथमच नाव दिले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. पैसा त्या मनगटापर्यंत कसा पोहोचतो, ते पाहायचे.

वैद्यकमित्रहो, तोवर कागद तरी आपल्या हाती आहे. अशा रुग्णाच्या केसपेपरवर मी आता ‘पडून इजा’ एवढेच लिहीत नाही. तारीख, वेळ, आणि तो डिलिव्हरीवर होता असे त्याने सांगितल्याचेही नोंदवतो. ई-श्रम पोर्टलवर नाव घातले आहे का, हेही विचारतो. बहुतेकांचे उत्तर एकच असते: “ते काय असते?”